ऊसतोडीच्या फोटोंचं पुस्तक: तीनशेतून ऐंशी कसे निवडायचे?

रानपाखरू

नमस्कार मंडळी,

गेले काही हंगाम मी ऊसतोड कामगारांबरोबर राहून, फिरून फोटो काढते आहे. माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. दसरा झाला की आजूबाजूची गावं कशी रिकामी होतात हे लहानपणापासून बघत आले, कॅमेरा खूप नंतर हातात आला. आता एका छोट्या प्रकाशकाने पुस्तकाला होकार दिलाय आणि मी फोटो निवडायला बसले आहे.

सगळ्या हार्ड डिस्क चाळून तीनशेपर्यंत आले. इथवर येणं अवघड नव्हतं. हललेले, डोळे मिटलेले, एकाच प्रसंगाचे दहा-दहा, हे आपोआप गळतात. आता उरलेल्यांपैकी कुठलाही फोटो एकटा काढून बघितला तर चांगलाच वाटतो, आणि घोडं तिथेच अडलंय. पुस्तकात ऐंशीच्या आसपास मावतील.

क्रमाबद्दल पहिला विचार हंगामाचा होता. मुकादमाचा, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रक गावात येतो, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढतं, म्हातारी माणसं मागे राहतात. मग फड (तोडणीचं शेत), कोप्या (राहायच्या झोपड्या), कारखान्याचा वजनकाटा. शेवटी पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि माणसं घरी येतात. पण तसे फोटो जमिनीवर मांडले की मधले चार-पाच महिने एकसुरी होतात. तोड, मोळी, भरणी. पुन्हा तोड, मोळी, भरणी. काम तसंच आहे हे खरं, पण बघणारा तिसाव्या पानावर पुस्तक मिटेल असं वाटतं.

काही फोटोंबद्दल नेमका सल्ला हवाय:

एक, टायरगाड्यांची रांग, मागे मावळता सूर्य, बैलांच्या शिंगांच्या काळ्या आकृत्या. हा फोटो स्पर्धेत निवडला गेला, एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर आला. प्रकाशकाला मुखपृष्ठ म्हणून तोच हवाय. मला तो पुस्तकातच नको आहे.

दुसरा, एक बाई ऊस तोडतेय, लुगड्यावर मुलाचा शाळेच्या गणवेशाचा आकाशी शर्ट घातलाय. उसाचं पान हाताला कापतं म्हणून बहुतेक बायका वरून पुरुषांचे जुने शर्ट घालतात. हिच्या शर्टाच्या खिशावर शाळेचा बिल्ला अजून शिवलेला आहे.

तिसरा-चौथा जोडीने: वाढ्याला (उसाच्या शेंड्याच्या पानांना) पीळ देऊन मोळीची गाठ मारणारे हात, आणि गाडीखाली बांधलेल्या लुगड्याच्या झोळीची गाठ. समोरासमोर ठेवले की लगेच बोलतात. जरा जास्तच लगेच बोलतात का?

आणि शेवटचा. मुकादमाच्या ओसरीवर एक जोडपं उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, घेतंय. नवरा नोटा मोजतोय, बायको कागदावर अंगठा उठवतेय आणि तिची नजर दाराबाहेर उभ्या असलेल्या पोरीकडे आहे. तेव्हा सगळ्यांना विचारून काढला होता, मुकादमालाही. माझ्या सगळ्या कामात याच्याइतका बोलका फोटो दुसरा नाही. पण छापावा की नाही, याचा निर्णय होत नाहीये.

फोटोग्राफीतले, छपाईतले, आणि ज्यांनी हे आयुष्य जवळून पाहिलंय असे सगळेच लिहा.

---

चारकोल

सगळ्यात आधी पडद्यासमोरून उठा. तीनशेही फोटोंचे चार बाय सहाचे साधे प्रिंट काढा, कोपऱ्यातल्या लॅबमधून, स्वस्तातले. आणि भिंतीवर लावा. संगणकावर एका वेळी एक फोटो दिसतो, त्यामुळे प्रत्येक जण आपलाच फड गाजवतो. भिंतीवर लावले की कोण कोणाशी बोलतंय आणि कोण नुसताच ओरडतोय हे दोन दिवसांत कळतं. जाता-येता बघायचं, खास बसून बघायचं नाही.

रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरने असंच केलं होतं. १९५५ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि तो जुनी मोटार घेऊन अमेरिकाभर फिरला. ७६७ रोल, २७ हजारांच्या वर फ्रेम. त्यातून हजारेक कामचलाऊ प्रिंट काढून भिंतीवर आणि जमिनीवर पसरले, आणि पुस्तकात राहिले ८३. पॅरिसला १९५८ मध्ये, अमेरिकेत १९५९ मध्ये निघालेलं 'द अमेरिकन्स' ते हेच. हिशेब करा, सव्वातीनशे फ्रेममागे एक फोटो. आणि क्रम? ना प्रवासाचा, ना तारखांचा. मधे मधे राष्ट्रध्वज येतो आणि तिथून नवा भाग सुरू होतो. एका फोटोत आच्छादन घातलेली मोटार, पुढच्या फोटोत रस्त्याकडेला घोंगडीखाली झाकलेलं अपघातातलं प्रेत, असा तो चालत राहतो. तुमचं दसरा ते पट्टा हे कॅलेंडर बाजूला ठेवायची हिंमत त्याच्याकडून घ्या.

उलटं उदाहरण यूजीन स्मिथ या फोटोग्राफरचं. त्याच १९५५ साली त्याला पिट्सबर्ग शहराचे शंभर फोटो काढायचं काम मिळालं. काही आठवड्यांचं काम. गडी शहरात घुसला तो हजारो निगेटिव्ह घेऊनच बाहेर आला, आणि मग वर्षानुवर्षं त्यातून निवडत बसला. त्याच्या मनातलं पुस्तक त्याच्या हयातीत काही झालं नाही. १९५९ च्या एका वार्षिकात त्याच्याच मांडणीने त्यातले फोटो आले, पण त्याचं स्वतःचं समाधान झालं नाही. एवढा मोठा फोटोग्राफर, आणि निवडीपाशी अडकला. म्हणून सांगतो, मुदत ठरवा आणि पाळा.

सूर्यास्त काढा. अजिबात विचार करू नका. त्यात माणूसच नाही, शिंगं आहेत. मुखपृष्ठाचं प्रकाशकाशी भांडा.

मुकादमाचा फोटो मात्र हवाच. उचल हा सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. तो फोटो नसेल तर ही माणसं का जातात हे पुस्तकात कुठेच येणार नाही, नुसते कष्ट दिसतील.

अजून एक, माझ्या मते हे काम कृष्णधवल करा. हिरवा ऊस आणि निळं आभाळ डोळ्यांना सुख देतं, आणि इथे तेच नकोय.

---

पुस्तकवेडी

धागा फार आवडला. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मी फोटोतली जाणकार नाही, ग्रंथालयात काम करते. फोटोंची पुस्तकं लोक कशी हाताळतात ते रोज बघते. बहुतेक जण मधूनच उघडतात. दोन पानं पुढे, पाच पानं मागे. त्यामुळे कुठलंही पान उघडलं तरी समोरच्या दोन पानांत काहीतरी पूर्ण असायला हवं, ही वाचकाची गरज लक्षात ठेवा.

माहिती फोटोखाली असावी की शेवटी, यावर कोणी लिहिलं नाही अजून. वॉकर इव्हान्सच्या १९३८ च्या 'अमेरिकन फोटोग्राफ्स'मध्ये ८७ फोटो आहेत, उजव्या पानावर फोटो, डावं पान कोरं, आणि फोटोंच्या माहितीच्या ओळी भागाच्या शेवटी. फोटो आधी निवांत बघायला मिळतो हे छान. पण मला वाटतं ऊसतोडीच्या पुस्तकात माणसाचं नाव शोधायला शंभर पानं उलटावी लागू नयेत.

---

फर्मा_सोळा

ताई, फोटो किती हे भिंत ठरवणार नाही, कागद ठरवणार आहे. मी छपाईत आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पुष्कळ जण निवड संपवून आमच्याकडे येतात आणि मग रडारड होते.

२३ बाय ३६ इंचाच्या शीटवर साधारण साडेआठ बाय अकराच्या पुस्तकाची सोळा पानं बसतात, आठ या बाजूला, आठ त्या बाजूला. हा एक फर्मा. म्हणजे पुस्तक सोळाच्या पटीत वाढतं. नऊ फर्मे म्हणजे १४४ पानं. सुरुवातीची पानं, प्रस्तावना, मागची माहिती यांना चोवीस धरा. उरली १२०, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या साठ जोड्या. आता ऐंशी फोटो बसवायचे तर, उदाहरणार्थ, वीस जोड्यांवर दोन-दोन फोटो, छत्तीसांवर एकच फोटो आणि शेजारी कोरं पान, आणि चार फोटो दोन्ही पानांवर पसरलेले. चाळीस, छत्तीस आणि चार. आकडे तुमच्या मनासारखे हलवा, पण बेरीज साठच्या पुढे गेली की अख्खा फर्मा वाढतो आणि खर्चही.

पसरलेला फोटो निवडताना एक काळजी. मधल्या शिवणीत काही मिलिमीटर गिळले जातात. गम बाइंडिंग असेल तर जास्तच, पुस्तक पूर्ण उघडतच नाही. शिलाईचं बाइंडिंग करा, चार पैसे जास्त जातील पण पान सपाट बसेल. तरीही कोणाचा चेहरा बरोबर मधोमध असलेला फोटो दोन पानांवर घेऊ नका, नाकातून शिवण जाते. तुमच्या तीनशेत फळीवरून मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणारी माणसं असतीलच. तसल्या लांबलचक रचनेचा फोटो पसरायला उत्तम, मधे नुसती फळी येते.

कृष्णधवलबद्दल: एका काळ्या शाईत छापलं तर सावल्या राखाडी पडतात, जीव राहत नाही. दोन शायांचं ड्युओटोन करावं लागतं. रंगीत छापलं तर उसाचा कोवळा हिरवा हा पडद्यावर दिसतो तसा चार शायांत कधीच येत नाही, थोडा मरतो. हे आत्ताच मनाशी धरून निवडा. ज्या फोटोची सगळी ताकद त्या हिरव्यात आहे तो छापून आल्यावर निम्मा होईल.

कागद मॅट आर्ट, १५० किंवा १७० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). चकचकीत आर्ट पेपरवर दिव्याचा उजेड फोटोवरच पडतो.

आणि डमी करा. कोरे कागद दुमडून, शिवून, त्यावर छोटे प्रिंट चिकटवून. पान उलटल्याशिवाय पुस्तकाचा अंदाज येत नाही.

---

बालाघाट

मी इथे फारसं लिहीत नाही. धागा वाचून राहवलं नाही.

माझे आईवडील कोयता घेऊन जायचे, म्हणजे ऊस तोडायला. (आमच्याकडे तोडणाऱ्या जोडप्यालाही कोयताच म्हणतात.) आम्हा भावंडांतला धाकटा कोपीत, मोठे दोघं आजीपाशी, असं आमचं घर दोन ठिकाणी असायचं. आज मी शाळेत शिकवतो आणि माझ्या वर्गातली बाकं दिवाळीच्या आसपास रिकामी होतात.

चारकोल यांचं पहिलं म्हणणं पटतं, दुसरं पटत नाही. मुकादमाच्या ओसरीवरचा फोटो छापू नका, निदान त्या जोडप्याला पुन्हा विचारल्याशिवाय तरी. त्या दिवशी मुकादमासमोर विचारलं होतं, तिथे नाही कोण म्हणणार? उचल म्हणजे काय ते बाहेरून कळत नाही. वर्षाचे पैसे आधी अंगावर घ्यायचे आणि हंगामभर फेडायचे. फिटले नाहीत तर बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षावर चढते. पुढच्या वर्षी उचल कोणाला द्यायची, किती द्यायची, हे मुकादमाच्या हातात. पुस्तकात आपला फोटो, नोटा, अंगठा सगळं आलंय हे उद्या त्याला खटकलं, तर त्या कोयत्याला काम मिळणार नाही. दुसरा मुकादम पण विचार करेल. तुमचं पुस्तक एकदा निघेल, त्यांना दर दसऱ्याला त्या ओसरीवर जायचंय.

दुसरी गोष्ट. टायरगाडीवाले आणि ट्रकच्या टोळीतले, दोघांचा हंगाम सारखा नसतो. गाडीवाले कारखान्याजवळच्या तळावर राहतात, बैलं सांभाळतात, काट्यावर रात्र-रात्र रांगेत थांबतात. ट्रकची टोळी फड हलेल तशी गावोगाव हलते. अपरात्री ट्रक आला की उठून भरायचा. तुमच्या पानांवर डावीकडे गाडीतळ आणि उजवीकडे टोळीची कोपी आली, तर तुम्हाला रचना जुळल्यासारखी वाटेल, पण आमच्याकडचं माणूस बघून म्हणेल की हे एक नव्हे.

तिसरं, एकसुरीपणाची भीती बाळगू नका. तोच तर हंगाम आहे. आई सांगायची की वार कोणता हे फक्त बाजाराच्या दिवशी कळतं. पुस्तकात सलग काही पानं तोड, मोळी, भरणी, तोड, मोळी, भरणी अशीच येऊ द्या. बघणाऱ्याला कंटाळा आला तर येऊ दे.

आणि मागे राहिलेली गावं आहेत का तुमच्याकडे? कुलूप लावलेली घरं, चार नातवंडं सांभाळणारी आजी? कोपीवरची दिवाळी? हसणारी माणसं? फडावर लोक हसतात, एकमेकांची थट्टा करतात, लाउडस्पीकरवर गाणी लावतात. तीनशेत रडवेले चेहरेच असतील तर निवड परत करा.

---

पुस्तकवेडी

बालाघाट सर, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे.

यावरून डोरोथिया लँगचा फोटो आठवला. कॅलिफोर्नियात निपोमोला, १९३६, वाटाणा खुडणाऱ्या मजुरांच्या तळावरची आई आणि तिला बिलगलेली मुलं. जगभर छापला गेला. तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला १९७८ मध्ये कळलं. लँगने नाव विचारलंच नव्हतं. थॉम्पसनबाईंना त्या फोटोचं दुःखच होतं, त्यातून एक पैसा मिळाला नाही असं त्यांनी बोलूनही दाखवलं.

पण याच लँगबाईंनी अर्थतज्ज्ञ पॉल टेलर यांच्याबरोबर १९३९ मध्ये स्थलांतरित शेतमजुरांवर पुस्तक केलं, 'ॲन अमेरिकन एक्झोडस'. त्यात फोटोंजवळ त्या माणसांच्या तोंडची वाक्यं दिली आहेत, लेखकाने रचलेल्या ओळी नाहीत. रानपाखरू, तुमच्याकडे फडावरची अशी वाक्यं असतील तर ओळींचा प्रश्न तिथेच सुटेल.

---

निळी_शाई

पुस्तकांची मांडणी करते, त्या बाजूने लिहिते.

दोन गाठींचे फोटो समोरासमोर ठेवू नका. दोन्ही फोटो उत्तम असणार यात शंका नाही, पण समोरासमोर आले की वाचक फक्त "अरे वा, दोन गाठी" एवढंच म्हणून पान उलटतो. मोळीची गाठ बाराव्या पानावर ठेवा आणि झोळीची चाळीसच्या पुढे. ज्याला आठवेल त्याला आठवेल, आणि आठवल्याचा आनंद त्याचा स्वतःचा असेल. समोरासमोरची जोडी जमते ती एकातलं काहीतरी दुसऱ्यात चालू राहतं तेव्हा. हाताची दिशा, जमिनीची रेष, उजेड कुठून येतोय ते. वस्तू सारखी असणं हे सगळ्यात कच्चं कारण.

आकाशी शर्टावरून मला वाटतं की रंग ठेवावेत. कृष्णधवल केलंत की तो कुठलाही शर्ट होईल. गणवेशाचा तो निळा रंग महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाला ओळखू येतो, त्यासाठी ओळ लिहायची गरज नाही. तीनशेत अजून कुठे तसला निळा सापडतोय का बघा. शाळेची भिंत, दप्तर, पाण्याची टाकी, काहीही. एक रंग पुस्तकभर धरून ठेवता येतो.

बालाघाट यांनी कुलपांचं लिहिलं, तिथे मी थबकले. फ्रँकच्या ध्वजासारखं तुमचं कुलूप होऊ शकतं. प्रत्येक भाग कुलूप लावलेल्या दाराने सुरू करा. फड कुठेही असो, गावाकडे ते दार बंद आहे, हे वाचक विसरणार नाही.

मुकादमाच्या फोटोबद्दल पूर्णपणे बालाघाट यांच्याशी सहमत.

---

चारकोल

निळ्या शर्टाचा मुद्दा मान्य. रंगीतच करा.

मुकादमाच्या फोटोबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण बालाघाट यांनी जे सांगितलं त्यापुढे माझ्या मताला किंमत नाही. एवढंच म्हणेन की फोटो वगळला तर उचलीची गोष्ट दुसऱ्या कुठल्यातरी फोटोने सांगा. ती जागा रिकामी ठेवू नका.

भिंतीचं काय झालं?

---

रानपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला कारण मधे बरंच काही केलं.

प्रिंट काढून हॉलची अख्खी भिंत भरली. चारकोल दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं, दोन-तीन दिवसांत निम्मे फोटो गप्प झाले. विशेष म्हणजे मोठमोठ्या लेन्सने काढलेले, मागचं सगळं धूसर केलेले चेहरे एकामागोमाग एक पडत गेले. एकटे असताना त्यांचा दरारा होता. शेजारी कोपीतल्या चुलीचा, भांड्यांचा, चिखलाचा फोटो आला की ते कुठल्याही गावातले, कुठल्याही कामातले चेहरे वाटायला लागले. ते बहुतेक काढले.

बालाघाट सर, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर मधोमध लावलाय. गाडीतळ आणि ट्रकच्या टोळ्या आता वेगळ्या केल्यात. पहिला मोठा भाग टोळीचा, दुसरा गाडीतळाचा, आणि त्यांना जोडणारं एकच ठिकाण, कारखान्याचा काटा. दोघंही तिथे येतात.

क्रम असा ठरतोय: महिने पुढे सरकतात, पण प्रत्येक भाग पहाटे सुरू होऊन रात्री संपतो. टोळीच्या भागात थंडी आहे, शेकोट्या आहेत, माणसं कानटोप्या घालून अंधारात फडाकडे निघतात. गाडीतळाच्या भागात उन्हं तापलेली, सावलीला बैलं. हंगाम पुढे गेलाय हे सांगावं लागत नाही, अंगावरचे कपडेच सांगतात. आणि मधे सलग बारा पानं तोड, मोळी, भरणी. एकाच मापाचे फोटो, एकही मोठा नाही, कोरं पान नाही. घरी दाखवलं तर सासूबाई ती पानं सावकाश उलटत होत्या आणि बाकीची भराभर, याचं मला आश्चर्य वाटलं.

कुलपं! माझ्याकडे कुलपांचे फोटो होते, पण तीनशेत त्यातलं एकही नव्हतं. गावात गेले की सवयीने काढलेले, सपाट, समोरून, दुपारच्या कडक उन्हातले. कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होतील असे. बाद केलेल्या फोल्डरमधून शोधून काढले. एका दाराच्या कडीला कुलूपच नाही, नुसती तार पिळून बांधलीय. एका दारावर खडूने पोरांच्या उंचीच्या रेघा आहेत. पुस्तकात आता चार दारं आहेत आणि ती नसतील तर भाग सुटे पडतात. तीनशेत फिरून फिरून शोधत होते आणि हवे ते फोटो तीनशेच्या बाहेर होते.

हसणारी माणसंही बाद फोल्डरमधूनच आली. फडावर जेवताना एक बाई नवऱ्याची नक्कल करतेय आणि अख्खी टोळी लोटपोट. फोकस थोडा मागे गेलाय, तरी घेतलाय.

सूर्यास्त वगळला. प्रकाशकाला डमी नेऊन दाखवली, त्यात सूर्यास्त मुद्दाम एका जागी लावून, मग काढून. पानं उलटून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले की इथे तो पाहुण्यासारखा दिसतोय. मुखपृष्ठावर आकाशी शर्ट येतोय, चेहरा नाही, खांदा आणि खिसा. त्या ताईंना छापलेलं दाखवून आले. त्यांनी मुलाला हाक मारली आणि म्हणाल्या, बघ तुझा शर्ट.

आणि ओसरीवरचा फोटो. त्या जोडप्याच्या घरी प्रिंट घेऊन गेले, मुकादम नसताना. नवरा म्हणाला, छापा, काय होतंय. बायकोने प्रिंट बराच वेळ बघितला आणि म्हणाली, पोरगी दिसतीय यात, नको. तिने उचलीचं किंवा मुकादमाचं नावसुद्धा काढलं नाही. मी प्रिंट तिथेच ठेवून आले, फोटो पुस्तकात नाही.

त्याच दिवशीचा दुसरा एक फोटो आहे, जवळून काढलेला: शाईने माखलेला अंगठा आणि खाली कागद. चेहरा कोणाचाच नाही. तो दाखवला तेव्हा दोघंही चालेल म्हणाले. उचलीची जागा त्याने भरून निघेल असं वाटतं.

फडावरची वाक्यं वहीत आहेत. पुस्तकवेडी, तुमच्या सुचवणीप्रमाणे ज्यांची वाक्यं त्यांच्या संमतीने फोटोसमोरच्या कोऱ्या पानावर खाली छोट्या अक्षरात येतील. नाव छापायला ज्यांनी हो म्हटलं त्यांचं नाव, बाकीच्यांचं फक्त गाव. सगळ्या पानांवर मजकूर नसेल, काही पानं खरोखर कोरीच राहतील.

---

बालाघाट

वाचून फार बरं वाटलं ताई.

अंगठ्याचा फोटो चालेल. पण कागदावरची अक्षरं वाचता येतायत का ते नीट बघा. करारावर नाव, गाव, आकडा, मुकादमाची सही सगळं असतं. चेहरा नसला तरी कागद बोलतो.

पुस्तक निघालं की आमच्या शाळेला एक प्रत हवी. वाचनालयाच्या निधीतून विकतच घेऊ.

---

फर्मा_सोळा

सर बरोबर बोलताहेत. मोबाइलवर दिसत नाही ते ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छापल्यावर पानावर स्वच्छ वाचता येतं. अक्षरं संगणकावर धूसर करू नका, छापून आल्यावर तो डाग सगळ्यात आधी दिसतो आणि काहीतरी लपवलंय असं वाटतं. त्यापेक्षा दुसरी फ्रेम असेल तर ती घ्या.

---

रानपाखरू

आत्ताच मोठं करून बघितलं. नाव वाचता येतंय, आकडाही. सुदैवाने त्याच्याच पुढची फ्रेम आहे, त्यात तिने हात थोडा पुढे घेतलाय आणि तळव्याखाली मजकूर झाकला गेलाय. अंगठ्यावरची शाई या फ्रेममध्ये जरा कमी उठून दिसते. हीच घेते.

सर, शाळेची प्रत माझ्याकडून. निधी दुसऱ्या पुस्तकांना वापरा.

---

निळी_शाई

शाई कमी उठून दिसत असेल तर हा फोटो मोठा करू नका. उजव्या पानावर लहान, भोवती भरपूर पांढरं. डावीकडे काहीही नको. आणि तो कुठल्या दारानंतर येतोय? पहिल्या दारानंतर लगेच आला तर पुढचा सगळा हंगाम त्याच्यानंतर घडतो.

---

रानपाखरू

पहिल्या दारानंतर लगेच. डमीत लावून बघितला, बसला.

---

फर्मा_सोळा

मग आता फायली पाठवायच्या आधी चार फोटोंचं प्रूफ, म्हणजे चाचणीची छापील प्रत, काढून घ्या: आकाशी शर्ट, एक पहाटेचा अंधारातला, एक भर उन्हातल्या दाराचा आणि कोवळ्या उसाचा एक. या चारांत शाई जमली की बाकीचे जमतात. प्रूफ ज्या कागदावर पुस्तक होणार त्याच कागदावर मागा. आणि छपाईच्या दिवशी पहिल्या फर्म्याला मशीनपाशी स्वतः उभ्या राहा. येताना तो शर्ट मागून आणता आला तर घेऊन या, निळा रंग शर्टाशेजारी धरूनच जुळवू.